रियाजाच्या ध्वनिमुद्रणासाठी साउंड कार्ड : फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू, तिसरी आवृत्ती

रियाज संगणकावर ध्वनिमुद्रित करायचा ठरवला, तेव्हा चांगला माइक घेतला की काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच दिली जाणारी वीज) लॅपटॉपच्या माइक-जॅकमधून मिळत नाही, आणि त्या जॅकमागचा प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, बोलण्यापुरताच असल्यामुळे तंबोऱ्याच्या जवारीखाली सतत एक बारीक खरखर राहते. म्हणून यूएसबीने जोडायचे हे बाह्य साउंड कार्ड घेतले.

खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झ या सॅम्पल रेटच्या, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याच्या, आकड्याला मी महत्त्व दिले नाही. माणसाचा कान सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट त्याच्या पलीकडचेही टिपतो. शिवाय २४ बिटांवर (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला जातो, ते बिटांवर ठरते) दोन चॅनेलच्या तासाभराच्या मुद्रणाला ४८ किलोहर्ट्झवर साधारण १ जीबी जागा लागते, तर १९२ वर ४ जीबींहून अधिक. २४ बिट मात्र हवेतच, कारण आलापातला खर्ज आणि तानेत अचानक लागणारा तार षड्ज एकाच गेनवर (आवाज वाढवण्याच्या प्रमाणावर) सांभाळायचे, तर पातळी मुळातच कमी ठेवावी लागते, आणि २४ बिटांत कमी पातळीवरचे बारीक स्वरही नीट टिकतात.

गाणाऱ्याला खरी अडचण होते ती लेटन्सीची, म्हणजे गायलेला आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याची. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तो नमुन्यांचा गट) ठेवला, तरी केवळ त्यातच ५ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत हा उशीर दुपटीहून वाढतो आणि स्वर लावताना स्वतःचाच आवाज परका वाटू लागतो. येथे डायरेक्ट मॉनिटर उपयोगी पडतो, कारण माइकचा आवाज संगणकाकडे न वळता थेट हेडफोनमध्ये येतो. त्याचा स्टीरिओ पर्याय निवडल्यास गाणे एका कानात आणि तबला दुसऱ्या कानात पडतो, ते मला अजिबात रुचले नाही, मोनोवर ठेवावे. गेनच्या बटणाभोवतीचे हिरवे कडे आवाज मर्यादेजवळ गेल्यावर पिवळसर आणि ओलांडल्यावर लाल होते, ही सोय साधी असली तरी डोळे मिटून गाणाऱ्याच्या साथीदाराला फार मोलाची आहे.

मर्यादाही आहेत. फँटम पॉवरचे बटण दोन्ही माइकांना मिळून एकच आहे, मिडीची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसारखी वाद्ये जोडण्याची) जोडणी नाही, आणि प्रीअँपचा गेन ५६ डेसिबलपर्यंतच असल्यामुळे कमी संवेदनशील डायनॅमिक माइकवर हळू गाणे मुद्रित करताना तो अपुरा पडतो. घरात अर्थिंग नीट नसेल, तर लॅपटॉपचा चार्जर जोडलेला असताना गुणगुण येऊ शकते. ती आल्यास दोष साउंड कार्डाला देण्याआधी चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे.

एकट्याच्या गायनाला आणि एका साथीला हे पुरेसे आहे. तबल्याचा दायाँ, बायाँ आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे असतील, तर मात्र चार माइक-इनपुटचेच साउंड कार्ड घ्यावे.