साडीला कॉलर नसते : घरगुती व्हिडिओंसाठी घेतलेल्या बिनतारी माइकविषयी

आमच्या आत्याच्या हातच्या कुरडया दरवर्षी पुण्याला, नागपूरला आणि बंगळूरला पोहोचतात. त्या होतात कशा, हे मात्र पंचवटीतल्या आमच्या गच्चीबाहेर कोणी पाहिलेले नव्हते. यंदा चैत्रात मी फोनवर तिचे वाळवण टिपायला सुरुवात केली आणि ते व्हिडिओ युट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून, म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसतील अशा बेताने, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू लागले. पहिल्याच व्हिडिओवर नागपूरहून तक्रार आली की चित्र छान आहे, पण आत्या बोलते काय ते कळत नाही. यात फोनचा दोष नव्हता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. आत्या चार हात लांब बसलेली आणि गच्चीवरचा वारा थेट फोनच्या तोंडाशी, मग वाराच ऐकू येणार. म्हणून महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका मोबाईलच्या दुकानातून साडेअकराशे रुपयांना दोन बिनतारी कॉलर माइक आणि एक रिसीव्हर असा संच आणला. तीन महिने वापरून हे लिहीत आहे. खोक्यावरचे नाव देत नाही, कारण दुकानदाराने अगदी तसेच तीन संच तीन वेगवेगळ्या नावांनी समोर मांडले होते.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हर फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात खोचायचा, माइकचे बटण दाबायचे, दिवा हिरवा झाला की झाले; वेगळे अ‍ॅप लागत नाही. फोनचे कव्हर जाड असेल तर पिन पूर्ण बसत नाही आणि आवाज गुपचूप फोनच्या स्वतःच्या माइकमधूनच भरला जातो, तेव्हा प्रत्येक वेळी दहा सेकंदांची चाचणी भरून ऐकणे आवश्यक आहे. आयफोनधारकांनी खरेदीपूर्वी पिन तपासावी, कारण टाइप-सी छिद्र २०२३ च्या आयफोन १५ पासून आले आणि त्याआधीच्या फोनांना दुसरी पिन लागते. खोक्यावर बॅटरीचे सहा तास लिहिले आहेत. मला साडेचार मिळतात, आणि तेवढे पुरतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. ही वस्तू शर्ट घालणाऱ्या माणसासाठी घडवलेली आहे. आत्या साडी नेसते, आणि साडीला कॉलर नसते. पदराच्या काठाला क्लिप लावली तर पदर सरकला की खसखस असा मोठा आवाज भरतो. ब्लाउजच्या गळ्याशी लावली तर मंगळसूत्र माइकवर आपटत राहते. आणि कामाला लागताना आत्या पदर कमरेला खोचते, तेव्हा माइकही कमरेशी जातो. बऱ्याच प्रयोगांनंतर खांद्यावर, पदर जिथे पिनने टाचलेला असतो तिथे, ही जागा ठरली. माइकसोबत आलेली केसाळ टोपी वाऱ्यासाठी उत्तम आहे, फक्त आत्याला ती प्रथमदर्शनी सुरवंट वाटली होती.

दुकानदाराने सर्वाधिक कौतुक केले ते आवाज गाळणाऱ्या बटणाचे, आणि मला सर्वाधिक मनस्ताप दिला तोही त्यानेच. एकसारखा चालू राहणारा आवाज हा गोंगाट समजून तो वजा करायचा, अशा तत्त्वावर ही सोय चालते. पंख्याच्या घरघरीसाठी ते योग्यच आहे. परंतु गव्हाचा चीक शिजताना पातेल्यात होणारी फदफद हाही एकसारखाच आवाज असतो, आणि चीक शिजत आला की ती फदफद बदलते, हेच तर आत्या त्या व्हिडिओत सांगत होती. “आता ऐक गं, आवाज कसा जड झाला,” असे ती म्हणते आणि त्यापुढे व्हिडिओत निव्वळ शांतता आहे. आषाढात रामकुंडाशी केलेल्या चित्रणाचीही तीच गत झाली. पाणी वाढलेले स्पष्ट दिसते, पण गोदावरीचा आवाज पुरता पुसला गेला आहे, आणि मागून वाजलेला रिक्षाचा हॉर्न मात्र शाबूत आहे, कारण तो एकसारखा नसतो. घरचे रोजचे जगणे लांबच्या माणसांना दाखवायचे, तर त्यातले निम्मे या आवाजांतच असते. बटण बंद ठेवावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. कारखान्याकडून ते चालू स्थितीत येते, हे माहितीपत्रकात कुठेही सांगितलेले नाही.

पल्ला वीस मीटर असल्याचा दावा गच्चीवर खरा ठरला, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात नाही. हे माइक २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतात, आणि पाण्याचा अंश मोठा असलेले मानवी शरीर त्या लहरींना चांगलेच अडवते. आत्या मेथीच्या जुड्या पाहायला पाठमोरी वळली आणि आमच्यामधून चार माणसे गेली, एवढ्यात तिचा घासाघीस करतानाचा सगळा संवाद तुकड्या-तुकड्यांत भरला गेला. समोरासमोर, पाच-सहा पावलांच्या आत, आवाज स्वच्छ येतो.

आणखी एक सावधगिरी. माइक अंगावर आहे हे बोलणारा दोन मिनिटांत विसरतो. आत्याने चित्रणादरम्यान आलेला फोन घेतला आणि आमच्याच एका नातलगाविषयी आपले मत सविस्तर मांडले. दुवा टाकण्यापूर्वी मी पूर्ण ऐकले म्हणून बचावले. ज्यांना न ऐकता लगेच टाकण्याची सवय आहे, त्यांनी या संचावर पैसे घालू नयेत.

मला तो बोलण्याच्या स्वच्छतेसाठी किमतीला योग्य वाटतो. बांधणी मात्र कच्ची आहे: दुसऱ्याच महिन्यात एका माइकची क्लिप तुटली, आणि सुटी क्लिप मिळत नाही, नवा संच घ्या, असे दुकानात सांगण्यात आले. आत्याने ब्लाउजपीसच्या उरलेल्या पातळ तुकड्याची बोटभर पिशवी शिवून तिला नाडी लावली. तो माइक आता त्या पिशवीतून तिच्या खांद्यावरच्या पिनेला बांधलेला असतो, आणि क्लिप शाबूत असलेला मी वापरते.