बसस्टँडमागचा शुगरचा दवाखाना, चार स्टार

गावातले लय जण विचारून राहिले की तालुक्याच्या त्या शुगरच्या दवाखान्यात जायचं का, तर जा. बाबांची शुगर जुनी, पण हल्ली ते विसरून राहिले होते, मोटर बंद करून घरी आले की पुन्हा वावरात जाऊन पाहत, आम्ही म्हटलं वय झालं. इथल्या डॉक्टरनं एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी तर केलीच, पण तीन शब्द ध्यानात ठेवायला सांगितले न कागदावर गोल काढून म्हणे अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी एक काटा अकरावर ठेवला, दुसरा दोनवर पाहिजे तर सरळ दहावर. शब्द एकच आठवला.

मी विचारलं शुगरचा न डोक्याचा काय संबंध, तर बाहेर गर्दी असून समजावत बसले. पोटावरची चरबी टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन 6 अशी सूज वाढवणारी रसायनं सोडते, त्यानं इन्सुलिनचा असर कमी होते, टीएनएफ अल्फाचं हे लठ्ठ उंदरांवर 1993 मध्येच दिसलं होतं. तीच गडबड मेंदूपर्यंत जाते, तिथल्या मायक्रोग्लिया म्हणजे राखणदार पेशी भडकतात न मग भडकलेल्याच राहतात, ना ताप ना दुखणं, पऱ्हाट्याचा ढीग वरून विझलेला पण आतून धुमसत राहते तसं. नेदरलँडच्या रॉटरडॅममधल्या 1999 च्या अभ्यासात शुगरवाल्यांले डिमेन्शियाचा, म्हणजे विसरत जाण्याच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट निघाला म्हणे. पण प्रत्येकाले होतेच असं नाही, हेही सांगितलं.

जवाईबापूंनी मोबाईलवर पाहून सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचं काढलं. डॉक्टर म्हणे शुगरसाठी चांगलं आहे, पण अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, त्यावरच्या मोठ्या ट्रायलमध्ये 2025 ले आजार काही हळू झाला नाही, त्यासाठी पैसे नका घालू. दुसरा असता तर टॉनिकची बाटली तरी खपवली असती! उलट यांनी व्हिटॅमिन बी12 तपासलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकते न विसरणं त्यानंही वाढते, बाबांचं कमीच निघालं. ग्लिमेपिराइड या शुगरच्या दुसऱ्या गोळीचा डोसही उतरवला, विसरून दोनदा गोळी घेतली न शुगर एकदम पडली तर भलतंच व्हायचं.

एक स्टार कापला तो लॅबवाल्यासाठी. उपाशीपोटी बोलावते न स्वतः आरामात उगवते, शुगरच्या म्हाताऱ्या माणसांनी बाकावर किती वेळ ताटकळावं? फोनही कोणी उचलत नाही. रक्त दिल्यावर खायला डबा सोबत न्या, न घरच्या सगळ्या गोळ्या पन्नीत टाकून न्या, ते एकेक पाहतात.