भावंडांच्या रक्तावरून जनुकाचा माग: कोणती पद्धत धरावी?

सिकलसेल एकच, जनुकातला बदलही तोच. पण एकाच घरातला थोरला दर पावसाळ्यात दवाखान्यात भरती होतो आणि धाकटी रोवणीच्या बांधीत उभी राहते. अशा फरकामागचं एक मोठं कारण म्हणजे हिमोग्लोबिन एफचं, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनचं, रक्तात उरलेलं प्रमाण. ते कोणत्या जनुकांमुळे कमीजास्त होतं हे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या भावंडांवरून शोधायचं असेल, तर पद्धत गावात जायच्या आधी ठरवा.

सगळ्या पद्धतींचा पाया एकच. गुणसूत्रावरच्या एखाद्या जागी सख्ख्या भावंडांकडे मायबापांच्या त्याच प्रती किती आल्या: शून्य, एक की दोन? त्या जागेचा गुणाशी संबंध नसेल तर वाटणी 25, 50, 25 टक्के पडते. ती कुठे बिघडते, हेच पाहायचं.

दोघंही आजारी अशा जोड्या घेऊन नुसती वाटणी पाहणं सर्वांत सोपं, पण इथे ते वाया जातं. मायबाप दोघंही वाहक (एएस, सिकलची एकच प्रत) असतील, तर एसएस (दोन्ही प्रती सिकलच्या, म्हणजे आजारी) भावंडांकडे अकराव्या गुणसूत्रावर सिकलसेलच्या बीटा ग्लोबिन जनुकापाशी दोन्ही प्रती त्याच असणार. म्हणजे जे आधीच माहीत आहे तेच पुन्हा सापडेल.

हेझमन आणि एल्स्टन यांची 1972 ची रीत मोजमापाच्या गुणांसाठी आहे. एका जोडीत एफ 18 आणि 16 टक्के. फरक 2, वर्ग 4. दुसरीत 22 आणि 9, वर्ग 169. जास्त प्रती वाटून घेणाऱ्यांत हा वर्ग लहान होत गेला, तर जनुक जवळपास आहे. कागदावरही करता येईल इतकं साधं. खोट अशी की दोघंही 25 वर असोत की दोघंही 8 वर, उत्तर शून्यच. निम्मी माहिती सांडते. 2000 च्या सुधारित रूपात सरासरीपासूनच्या अंतरांचा गुणाकार घेतात, पण भावंडांत मुळातच साम्य फार असेल तर ते रूप जुन्यापेक्षाही कच्चं ठरतं.

विचरण-घटक पद्धत, म्हणजे आकड्यांतला फरक (विचरण) कोणत्या कारणाचा किती हे वाटून पाहणारी, आकडे घंटेच्या आकारात पसरले असतील तर सर्वांत दमदार. एफचे आकडे तसे नसतात. एका बाजूला लांब शेपूट असतं, आणि आलेखावर जनुक इथे आहे असं सुचवणारी खोटी शिखरं उगवतात. लॉगरिदम घेतल्यावर काही अंशी भागतं. पण दवाखान्यातून निवडून आणलेल्या रुग्णांवर मी ती लावणार नाही. तिथे शॅम आणि सहकाऱ्यांची 2002 ची उलटी रीत बरी: गुणावरून वाटणीचा अंदाज बांधायचा. निवडीचा धक्का ती सोसते, मात्र सरासरी, विचरण आणि आनुवंशिकता बाहेरून द्यावी लागते.

खरा खड्डा वेगळाच आहे. एक भावंड एसएस आणि दुसरं एएस अशी जोडी मिसळली, तर दोघांच्या एफमध्ये मुळातच मोठी तफावत असते. अकराव्या गुणसूत्रावर मोठं शिखर दिसेल आणि त्यात नवं काहीच नसेल. एसएस-एसएस जोड्याच घ्या. त्यांच्यात त्या जागेजवळचा फरक तपासता येणार नाही, हे मान्य करून चाला. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाने एफ वाढतं आणि लहान लेकरांत ते मुळातच जास्त असतं. गोळी केव्हापासून आणि वय किती, हे रक्ताच्या नळीसोबतच लिहा.

मायबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतील, तर वाटणीचा अंदाज जनुकरूपांच्या वारंवारितेवरून बांधावा लागतो. ती परक्या समाजाची घेतली आणि इथलं नेहमीचं रूप दुर्मीळ धरलं गेलं, तर नसलेली वाटणीही दिसू लागते. म्हणून त्यांच्या परतीपर्यंत थांबलेलं बरं.

घरात पाच-सहा भावंडं, काका, आजी असा मोठा गोतावळा भेटला तर त्याच्या जोड्या पाडू नका. सहाव्या गुणसूत्रावरची एफची जागा 1996 मध्ये एका मोठ्या भारतीय वंशाच्या कुटुंबावरूनच सापडली होती. दोन नंबरच्या गुणसूत्रावरचं बीसीएल11ए हे एफवर परिणाम करणारं जनुक मात्र पुढे असंबंधित लोकांच्या संपूर्ण जनुकसंच पाहणीत हाती आलं. शंभरेक जोड्या असतील, तर फार मोठा परिणाम असलेलं जनुकच पकडलं जाईल. गाईडला हे आधीच सांगून ठेवा.