यूए-१ चा मॅग्नेट : सेकंडहँड घ्यावा तर असा

कण-भौतिकीच्या प्रयोगासाठी जुना मॅग्नेट (कणांचा मार्ग वळवणारं मोठं चुंबक) बघताना सगळे आधी टेस्ला, म्हणजे त्याचं चुंबकीय फील्ड, किती ते विचारतात. माझं मत, आधी बघायचं आत जागा किती आहे, कॉइल कसली आहे आणि सुटा करून नेता येतो का. या तिन्हीत सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेच्या यूए-१ मॅग्नेटला माझ्याकडून ५ पैकी साडेचार.

१९८३ साली डब्ल्यू आणि झेड कण सापडले ते यूए-१ आणि यूए-२ या सर्नच्या प्रयोगांमध्ये, त्यातल्या यूए-१ चा हा मॅग्नेट. नंतर सर्नमध्येच नोमॅड या प्रयोगाने वापरला, आणि आता जपानमध्ये जे-पार्क या प्रयोगशाळेत, टी२के या प्रयोगात, जिथे न्यूट्रिनो (क्वचितच कशाला धडकणारे हलके कण) तयार होतात त्या टार्गेटपासून २८० मीटरवर बसलाय. वजन साधारण ८५० टन! पण सी आकाराचे १६ योक (बाहेरची लोखंडी चौकट) आणि दोन अर्धे भाग असल्यामुळे सुटा करून जहाजाने नेता आला, आणि बसवल्यावरही दोन्ही अर्धे बाजूला सरकवून आतल्या डिटेक्टरला हात घालता येतो, हे मला फार आवडलं.

आतली जागा ७ बाय साडेतीन बाय ३.६ मीटर, म्हणजे टीपीसी (कणाचा मार्ग टिपणारा गॅस भरलेला डिटेक्टर) वगैरे सगळं आत मावतं. कॉइल साध्या अ‍ॅल्युमिनियमची, मधे भोक आणि त्यातून पाणी, लिक्विड हेलियमची भानगडच नाही. बाबार या अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगाचा सोलेनॉइड (नळीच्या आकाराचा मॅग्नेट) पण ब्रुकहेवन प्रयोगशाळेत स्फीनिक्स प्रयोगासाठी नेला, दीड टेस्लाचा, जबरदस्त वस्तू आहे, पण सुपरकंडक्टिंग म्हटल्यावर क्रायोजेनिक्स, म्हणजे हेलियमने अतिथंड ठेवायची यंत्रणा, आलंच. आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) मोजणाऱ्या म्युऑन जी-२ प्रयोगाची १४-१५ मीटर व्यासाची कॉइल तर उघडताच येत नव्हती म्हणून २०१३ मध्ये अख्खी बार्जवर ठेवून फ्लोरिडाला वळसा घालून शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेत नेली, तरी ते नवीन बनवण्यापेक्षा स्वस्तच पडलं.

आता फील्ड. यूए-१ मध्ये ०.७ टेस्ला होतं, नोमॅडमध्ये ०.४, टी२के फक्त ०.२ वर चालवतात, ते पण २९०० अँपिअर लागतात. कमी वाटतं ना? पण तिथले न्यूट्रिनो ०.६ जीईव्हीच्या (कणांच्या ऊर्जेचं एकक) आसपासचे, तेवढ्या मोमेंटमचा म्युऑन ०.२ टेस्लात १० मीटरच्या त्रिज्येने वळतो, म्हणजे मीटरभर ट्रॅकचा बाक (सरळ रेषेपासून मधला फुगवटा) सव्वा सेंटीमीटर येतो आणि टीपीसीला तो आरामात दिसतो. याच कॉइलमधून ०.७ काढायचं तर करंट साडेतीनपट आणि वीज जवळपास १२ पट, कशाला?

अर्धा मार्क कापला कारण मॅग्नेट आयता मिळाला तरी पॉवर सप्लाय नवा घ्यावा लागला, फील्ड मॅपिंग परत करावं लागलं, आणि डिटेक्टरची मापं मॅग्नेटच्या पोटाप्रमाणे ठरवावी लागली. तुमचे कण दहा-वीस जीईव्हीचे असतील आणि ट्रॅक मीटरभरच मिळणार असेल तर ०.२ टेस्लात बाक मिलिमीटरच्याही खाली जातो, मग हा घेऊ नका, बाबारसारखाच बघा आणि हेलियमचं बजेट आधी मंजूर करून घ्या.