टँकरवर चढणाऱ्यांसाठी लाईफलाईन की पिंजऱ्याची शिडी?

टँकर भरायच्या जागेवर, म्हणजे लोडिंग बेवर, डोक्यावरून लाईफलाईन (चढणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, अडकवायची सुरक्षेची दोरी) टांगायची की पिंजरा असलेली फोल्डिंग शिडी बसवायची, यावर तुमच्याकडे खल चालू असेल तर माझा अनुभव सांगतो. महाडच्या एमआयडीसीत लोडिंग बघताना दोन्ही वापरली. आधी चार वर्षं लाईफलाईन, आता पिंजरा.

लाईफलाईन वाईट नाही. शेडच्या बीमला एकदा बसवली की टँकर बुटका असो वा उंच, माथ्यावर एक मॅनहोल (झाकणाचं तोंड) असो वा चार, सगळ्यांना चालते. खर्चही कमी. फक्त दोरी आपोआप आत ओढणारा ब्लॉक डोक्यावरच हवा. टँकरचा माथा जेमतेम साडेतीन मीटर. तिथे 1.8 मीटरचा साधा लॅनयार्ड (हार्नेसची जोडदोरी) पायाशी अडकवला, तर त्यातला झटका शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर पुरता उघडायच्या आत माणूस जमिनीवर.

मला नडली ती लाईफलाईनचा हुक खाली ओढायची दोरी. हुक सोडला की सरसर वर बीमपाशी जातो. त्याला खाली आणायची बारीक दोरी कधी झाकणात अडकून तुटते, कधी कोणी ती खांबाला गुंडाळून ठेवतं. मग ऐकायला मिळतं, “वर गेल्यावर लावतो, साहेब.” श्रावणातल्या एका सकाळी आमच्याकडचा एक क्लीनर असाच चढला. हार्नेस अंगावर, पट्टे व्यवस्थित आवळलेले. शेवटच्या ओल्या पायरीवरून हुकाकडे हात नेला आणि घसरला. मनगट मोडलं. हुक त्याच्या हातापासून वीतभर वर हलत होता. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पिंजऱ्यात काही लावायचंच नसतं. शिडी खाली घेतली की मॅनहोलभोवती कठडा तयार. माणूस नवीन असो की घाईत, फरक पडत नाही. शिवाय हार्नेसवर लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, आणि रात्रपाळीला आमच्या बेवर दोघंच असतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 32 मध्येही उंचीवरच्या कामासाठी कठड्याचा उल्लेख आधी यायचा, बाकीचे उपाय नंतर.

पिंजऱ्याचा त्रास आहेच. टँकर वाकडा लागला की मॅनहोल बाहेर राहतो, पुन्हा पुढे-मागे करा. दिवसाला दोनच गाड्या, त्याही नाना आकारांच्या, असतील तर लाईफलाईन कदाचित बरी पडेल. दहा-पंधरा असतील तर मी तरी पिंजराच घेईन.

ऑर्डर देण्याआधी तुमच्याकडचा सर्वात बुटका आणि सर्वात उंच टँकर रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा मोजा. भरताना गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली बसते. शिडीही तिच्यासोबत तेवढी उतरली पाहिजे.