अजिंक्यताऱ्याची चढण की फक्कीचा चक्रव्यूह?

डोकं ठिकाणावर यावं म्हणून रोज चालायचं ठरवलंय आणि राहताय साताऱ्यात, तर पहिलं नाव अजिंक्यताऱ्याचंच निघणार. दुसरा पर्याय फारसं कुणी सुचवत नाही: लॅबिरिंथ, म्हणजे वळणं घेत घेत मध्यावर नेणारी एकच वाट. मी दोन्ही करून पाहिलंय.

हा भुलभुलैया नव्हे. यात फाटे नसतात, चुकायची सोयच नाही. फ्रान्समध्ये शार्त्रच्या चर्चच्या फरशीवर 11 फेऱ्यांचा आहे, तेराव्या शतकातला. आपल्याकडे अशीच आकृती चक्रव्यूह म्हणून ओळखीची. कर्नाटकात हळेबीडच्या मंदिरात अभिमन्यूच्या शिल्पात ती कोरलेली आहे आणि सोलापूरजवळ बोरामणीच्या माळावर दगडांची 15 फेऱ्यांची सापडली.

मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर मैदान आखायच्या फक्कीने 7 फेऱ्यांची आखली. मध्ये अधिकची खूण, तिच्या चार खणांत चार काटकोन, चार कोपऱ्यांत चार ठिपके. मग वरच्या टोकांपासून सुरुवात करून एकेक जोडी कमानीने जोडत जायची. पहिल्या दिवशी एक टोक उरलं, पायाने पुसून पुन्हा आखली. वाट दीड फुटी, जागा साधारण 25 फूट, आणि आत पोचायला जवळजवळ 300 फुटांची चाल.

गंमत चालताना कळते. बाहेरून मोजलं तर आपण आधी तिसऱ्या फेरीत शिरतो, मग दुसऱ्या, मग अगदी कडेच्या पहिल्या. तिथून चौथी, आणि एकदम सातवी. मध्य हाताच्या अंतरावर, आता पोचलोच म्हणेपर्यंत वाट सहाव्या, पाचव्या फेरीत मागे ओढते. आणि तिथून थेट मध्यात. माझी सगळ्यात जास्त चिडचिड सहाव्या फेरीत व्हायची. कुठे वळायचं हे ठरवायचं नसल्यामुळे ती चिडचिड उघडी पडते, तिला लपायला जागा नसते.

किल्ल्यावर तसं होत नाही. चढावर दम लागतो, विचार आपोआप बंद पडतात. वर मंगळाईदेवीला हात जोडले, तटावरून सज्जनगड, यवतेश्वर बघितलं की मन मोकळं होतं. पण वाटेत चार ओळखीचे भेटतात, ‘काय, आज उशीर?’ करत अर्धा तास गप्पांत जातो. ते वाईट नाही, फक्त एकांत नव्हे.

म्हणून राग आलाय, रात्री झोप लागत नाही, अंगात रग आहे, तर किल्ला. एखादा निर्णय महिनोन् महिने लोंबकळतोय, कुणी गेल्याचं दुःख आहे किंवा गुडघे कुरकुरतात, तर चक्रव्यूह. गरगरण्याचा त्रास असेल तर मात्र त्या सततच्या वळणांच्या नादी लागू नका. देवळातली प्रदक्षिणा या दोन्हींच्या मधली, पण मागून येणाऱ्यांच्या घाईत आपली चाल आपली राहत नाही.

खर्चात फरक फारसा नाही. फक्की स्वस्त, पण जूनच्या पहिल्या सरीत माझी वाट वाहून गेली. आता गच्चीवर रंगाने आखायचा विचार आहे. गच्ची 18 फुटांचीच, म्हणजे वाट एक फुटी करावी लागेल, पावलापुढे पाऊल टाकत.