पिशवीची पिशवी : रिंको बॅग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

फुकुयामाला शिंकान्सेनमधून उतरलो, रिंको बॅग, म्हणजे जपानमध्ये सायकल सुटी करून गाडीत न्यायची पिशवी, खांद्याला लावली आणि ओनोमिचीची लोकल पकडायला जिना उतरू लागलो. चौथ्या की पाचव्या पायरीवर टर्रकन आवाज झाला. खांदा एकदम हलका झाला आणि पुढच्याच क्षणी डावा गुडघा सणकला. पट्टा ज्या कापडी कडीत अडकवला होता, तिची शिवण मुळापासून उसवली होती. साडेअकरा किलोची सायकल जिन्यात आडवी, तिच्याखाली मी तिरका. मागून शाळेच्या गणवेशातल्या सात-आठ मुली येत होत्या. एकीनेही मला ओलांडलं नाही, सगळ्या जिन्याच्या कडेला रांग लावून उभ्या राहिल्या. कुणी ढकलून पुढे गेलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या रांगेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री ओनोमिचीच्या खोलीत बसून मी या पिशवीला एक तारा देऊन भरपूर शिव्या लिहून ठेवल्या होत्या. पाठवायच्या राहिल्या. आज तीन तारे देतोय. चौथा तारा पिशवीच्या पिशवीमुळे गेला, त्याबद्दल पुढे सविस्तर तक्रार आहेच.

कामानिमित्त वर्षभर जपानमध्ये आहे. शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या मिळून आठ महिन्यांत १९ वेळा सायकल गाडीत चढवली. नियम तुम्हाला पाठ असतीलच: सायकल सुटी करायची, पूर्ण पिशवीत घालायची, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज २५० सेंटीमीटरच्या आत, वजन ३० किलोपर्यंत, भाडं शून्य. यातला 'पूर्ण' हा शब्द फार मनावर घ्या. सीट बाहेर डोकावलेली चालत नाही. पहिल्याच खेपेला माझ्या फोर्कची, म्हणजे चाक धरणाऱ्या दुशाखी भागाची, दोन टोकं वरून दिसत होती. गेटवरच्या कर्मचाऱ्याने अडवलं नाही, आवाज चढवला नाही, फक्त दोन्ही हातांनी डोक्यावर टोपी ओढल्याचा अभिनय केला. हॉटेलातून उचललेली शॉवर कॅप माझ्या सामानात होती, ती फोर्कला घातली. त्याने वाकून आभार मानले. ती शॉवर कॅप अजून माझ्याकडे आहे.

पिशवी घेतली ती स्वस्त बघून. चार हजार येनच्या आत. सायकलवाले डोळे झाकून ज्या घेतात त्या याच्या जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, शेवटी नायलॉनच ना! उभी ठेवायची पद्धत आहे: मागच्या फोर्कमध्ये चाकाच्या जागी एक लोखंडी आधार बसवायचा, सायकल त्या आधारावर आणि सीटवर उभी करायची, दोन्ही चाकं फ्रेमच्या दोन बाजूंना तीन पट्ट्यांनी आवळायची आणि वरून खोळ चढवायची. हा आधार नसेल तर सगळा भार मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर, येतो, म्हणून त्यात काटकसर करू नका. मीही केली नाही. चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणली की अर्धी कटकट तिथेच संपते. पहिल्यांदा मला ५० मिनिटं लागली होती, आता १४ लागतात.

डिस्क ब्रेक असेल तर आणखी एक. चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती सरकवा. मायबाराला गेलो तेव्हा माझी चकती घरीच राहिली. बिवा सरोवराला फेरी मारायला गेलो होतो, साधारण २०० किलोमीटरची, दोन दिवसांत करायची होती. पिशवी उचलताना ब्रेकचा दांडा पोटाशी दाबला गेला असावा. स्टेशनबाहेर सायकल जोडायला घेतली तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले, डिस्क आत जाईना. पाऊण तास टायर काढायच्या पट्टीने ते पॅड इंच इंच म्हणायलाही लाज वाटेल इतके हळू मागे रेटले. याचा पिशवीशी काही संबंध नाही, पण त्या दिवशीच्या रागात तिच्याही वाट्याला चार शब्द आले.

आता पिशवीची पिशवी. दुकानातून येते तेव्हा ही सगळी खोळ पाण्याच्या बाटलीएवढ्या एका छोट्या थैलीत असते. सायकलवर बाटलीच्या खाचेत बसते, जाहिरातीत फोटोही तसाच आहे. ती एकदा बाहेर काढली की संपलं. आठ महिन्यांत ती खोळ तिच्या थैलीत मी एकदाही जशीच्या तशी घालू शकलेलो नाही. लांबीत घडी घालून पाहिली, गुंडाळून पाहिली, गुडघा टेकवून हवा काढून पाहिली, घडी न घालता मुठीने कोंबूनही पाहिली. शेवटची चार बोटं बाहेर राहतातच. इमाबारीला तर मी नाडी ओढली आणि थैलीचंच काठावरचं शिवणकाम सुटलं. कारखान्यात ही घडी कोण घालतं, हे मला खरंच बघायचंय. थैली तीन सेंटीमीटर जास्त रुंद शिवायला कापड किती लागलं असतं? दहा येनचं? त्या दहा येनसाठी माणसाला दर रविवारी संध्याकाळी फलाटावर बसून, काळ्या तेलकट हातांनी, खोळीशी कुस्ती खेळायला लावायची. तुम्ही म्हणाल एवढंसं काय मनाला लावून घ्यायचं. १९ वेळा करून पाहा.

गाड्यांबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. शिंकान्सेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेमागे जी जागा असते तिथे ही पिशवी उभी राहते. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवर २०२० पासून मोठ्या सामानाची ती जागा शेवटच्या रांगेच्या सीटला जोडलेली आहे. मी तिकीट काढताना तीच सीट घेतो, त्याचे जादा पैसे पडत नाहीत. लोकलमध्ये पहिल्या किंवा शेवटच्या डब्याच्या टोकाला, ड्रायव्हर किंवा गार्डच्या खोलीच्या भिंतीला टेकवून, दांडीला एक पट्टा. सकाळची गर्दी टाळायची, हे सांगायला नको. सामान कुरिअरने, म्हणजे ताक्क्युबिनने, पुढच्या मुक्कामी पाठवता येतं आणि सगळे तसंच करा म्हणतात. माझा जीव होत नाही. दोन्ही पॅनियर, म्हणजे सायकलच्या बाजूंना लावायच्या सामानाच्या पिशव्या, एकमेकांना बांधून दुसऱ्या खांद्याला लावतो आणि मोठ्या स्टेशनात गाडी बदलताना ताक्क्युबिनवाल्यांची आठवण काढतो.

तर तो पट्टा. ओनोमिचीला जाड दोऱ्याने कडी शिवून घेतली आणि विक्रेत्याला फोटोसकट पत्र लिहिलं. उत्तर आलं: क्षमस्व, सामान वापरताना आपण कडीला भार दिला होता का? मी लिहिलं, भार द्यायचा नाही तर पट्टा कशासाठी? पुन्हा क्षमस्व आणि पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या पत्रात मी जरा खडूस झालो. चौथ्या दिवशी नवा पट्टा टपालाने आला, पैसे न घेता, सोबत माफीची चिठ्ठी. मी जिंकलो म्हणून खूश.

ओनोमिची ते इमाबारी या शिमानामी काइदो सायकलमार्गाचे ते ७० किलोमीटर झकास झाले. रस्त्यावरची निळी रेघ धरून पूल ओलांडत जायचं, रस्ता चुकायची सोयच नाही. इमाबारीच्या स्टेशनबाहेर मी सायकल बांधत होतो. शेजारी सत्तरी पार केलेले एक आजोबा त्यांची जुनी लोखंडी सायकल बांधत होते. त्यांचं झालं तरी ते गेले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी शिवलेल्या कडीत नवा पट्टा अडकवला तसे ते उठलेच. "चिगाउ, चिगाउ," म्हणजे 'चुकलं, चुकलं', म्हणत त्यांनी पट्टा सोडवला, खोळ वर केली आणि पट्ट्याचं एक टोक पेडलच्या वर फ्रेमच्या नळीला आवळलं. दुसरं टोक हँडलखालच्या नळीला. मग खोळ खाली ओढून पट्टा त्या कापडी कडीतून नुसता ओवून बाहेर काढला. कडी फक्त पट्टा जागेवर राहावा म्हणून होती. भार सगळा लोखंडावर, कापडावर काहीच नाही. मी पिशवी उचलली. तेच साडेअकरा किलो, पण झोळीसारखी लोंबून पायावर आपटत नव्हती. कमरेशी घट्ट बसली होती.

परत आल्यावर सूचनांचा कागद शोधला. दुसऱ्या चित्रात पट्टा फ्रेमला बांधलेला स्पष्ट दिसतो. बाण काढलाय. बाणाला लाल रंगही दिलाय. पाच महिने मी कापडाच्या गळ्याला सायकल टांगून हिंडत होतो आणि वर कापडालाच बोल लावत होतो. न्यायाने तो फुकट पट्टा परत पाठवायला हवा होता. पाठवला नाही. टपालखर्च मलाच पडला असता.

त्यानंतर एक टाकाही उसवलेला नाही. पावसात कापड पाणी पितं, पण गाडीत सुकतं. तळाला आधाराच्या टोकाशी दोन भोकं पडलीत, त्यांवर चिकटपट्टी आहे. दुप्पट किमतीची घेतली असती तर पडली नसती का, माहीत नाही, मित्राच्या त्या पिशवीलाही एक आहे.

मध्यंतरी अशाही गाड्या घेतल्या जिथे पिशवी लागतच नाही. टोकियोच्या र्योगोकु स्टेशनातून बोसो द्वीपकल्पाकडे जाणारी बी. बी. बेस, २०१८ मध्ये सुरू झालेली: सायकल ढकलत आत न्यायची, खाचेत उभी करायची आणि मागच्या सीटवर आपण. योरो रेल्वे, वाकायामाच्या किनाऱ्याची किनोकुनी लाइन, इथेही अखंड सायकल चढवता येते. वेळा आणि स्टेशनं ठरलेली असतात, तेवढं बघून जा. किनोकुनी लाइनवर खिडकीबाहेर समुद्र आणि मांडीला टेकलेली माझी आख्खी सायकल, हात स्वच्छ! तरी येताना दुसऱ्या गाडीने यायचं म्हणून खोळ बरोबर होतीच, आणि तिची ती चार बोटं बाहेर लोंबत होती.

गेल्या महिन्यात शंभर येनच्या दुकानातून कपडे धुवायची जाळीची पिशवी आणली, कर धरून ११० येन. खोळ त्यात कशीही कोंबली तरी मावते, चेन लागते, सीटखाली बांधता येते आणि भिजली तर वाळतेही. मूळ थैलीत आता शॉवर कॅप आणि ब्रेकची चकती ठेवतो.